पेलेटचा वेग मोजायला फोटोडायोड निवडला, त्याची पाच महिन्यांची हकीकत

लेक दहा मीटर एअर रायफल खेळते. दिवाळीनंतर तिला सेकंडहँड रायफल घेऊन दिली, सिलिंडरवाली, आणि जानेवारी लागला तशी ती रडकुंडीला आली, कारण टार्गेटवर डावी-उजवीकडे सगळं नीट आणि वर-खाली मात्र शॉट पसरलेले. तिचे कोच सर म्हणाले रेग्युलेटर (दर शॉटला सारख्याच दाबाची हवा देणारा भाग) गडबडला असेल, नाहीतर हिचा श्वास चुकत असेल, वेग मोजल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. रिपेअरवाल्याला फोन केला तर तोही म्हणाला, आधी वीस शॉटचं रीडिंग पाठवा, मग रायफल पाठवा.

वेगाचा एवढा काय फरक पडतो असं मला आधी वाटलं होतं म्हणून हिशोब करून पाहिला. पेलेट, म्हणजे रायफलची छोटी गोळी, सेकंदाला १७२ मीटरने गेलं तर दहा मीटरवर ते सुमारे साडेसोळा मिलिमीटर खाली येतं, १७९ ने गेलं तर सव्वापंधरा. म्हणजे नुसत्या वेगामुळे सव्वा मिलिमीटरचा फरक, आणि या खेळात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो नि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. अर्धा पॉइंट असाच जातो आणि पोरगी स्वतःला दोष देत बसते. ते काही मला बघवेना.

वेग मोजणाऱ्या यंत्राला क्रोनो म्हणतात. एकांकडून उसना आणला, पण तो उघड्या आकाशाच्या उजेडावर चालणारा, आमच्या हॉलमधल्या ट्यूबखाली तो कधी १६० दाखवायचा कधी एरर. घरात चालायचा असेल तर स्वतःचा इन्फ्रारेड उजेड असलेला पाहिजे, आणि तो विकत घ्यायचा तर आमच्या बजेटच्या बाहेर. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, पण त्याला बावीस वर्षं झाली, आता मी व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरते. तरी म्हटलं करून बघू, तत्त्व तर सोपं आहे, एका बोगद्यात ३०० मिलिमीटर अंतरावर दोन प्रकाशाचे पडदे, पेलेट पहिल्यातून गेलं की घड्याळ चालू, दुसऱ्यातून गेलं की बंद. १७२ च्या वेगाला हा वेळ येतो साधारण पावणेदोन मिलिसेकंद. आणि पेलेट स्वतः सहा मिलिमीटर लांब, म्हणजे एका पडद्यासमोर ते जेमतेम ३५ मायक्रोसेकंद असतं. हा ३५ चा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

१८ जानेवारीला मेट्रोने झाशी राणी चौकात उतरून बर्डीला (नागपूरचा बाजार) गेले, मोदी नंबर तीनच्या गल्लीत. दुकानदार काकांना म्हटलं इन्फ्रारेडचा फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा तुकडा) द्या, त्यांनी काळा पाच मिलिमीटरचा दिला, "हाच नेतात जी सगळे पोट्टे कॉलेजचे," दहा रुपयाला एक. आठ घेतले, सोबत इन्फ्रारेड एलईडी, आणि आठवडाभर रात्री जेवणं झाल्यावर जुळवाजुळव केली. सर्किट हात फिरवला की ओळखायचं, पेन टाकला की ओळखायचं, पेलेट गेलं की ढिम्म.

शेवटी कळलं की तो फोटोडायोड नव्हताच, फोटोट्रान्झिस्टर होता. दिसायला दोन्ही सारखेच, दोन पाय, काळं डोकं. काकांची चूक नाही, तिथे दोन्हीला एकच नाव चालतं. ओळखायची सोपी रीत सांगते, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि दोन पायांना लावून तो तुकडा उन्हात धरा, फोटोडायोड असेल तर स्वतःच ०.३ ते ०.५ व्होल्ट दाखवतो, छोट्या सोलर सेलसारखा, फोटोट्रान्झिस्टर तसं काही करत नाही. ट्रान्झिस्टर आतल्या आत करंट वाढवून देतो म्हणून रोबोटच्या कामाला तो सोयीचा, पण त्या वाढवण्याची किंमत वेगात मोजावी लागते, मोठा रेझिस्टर लावला की तो आणखीनच सुस्तावतो.

मग ऑनलाइन बीपीडब्ल्यू३४ नावाचे खरे फोटोडायोड मागवले, ८५ रुपयाला एक, चार घेतले, ३१ जानेवारीला आले. हा चपटा चौकोनी तुकडा असतो, आतली सिलिकॉनची चकती साडेसात चौरस मिलिमीटर. सिलिकॉनचं एक बरं असतं, दिसणाऱ्या उजेडापासून साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत ते बघतं आणि सगळ्यात चांगलं ९०० च्या आसपास, म्हणजे बाजारातले ८५० आणि ९४० चे दोन्ही एलईडी चालतात. (काही जण इन्फ्रारेड म्हटलं की अंगाची उष्णता मोजणारा सेन्सर समजतात. ती उष्णता १०,००० नॅनोमीटरच्या आसपासची, ती सिलिकॉनला दिसतच नाही, त्याचे सेन्सर वेगळे.) ८५० चा एलईडी चालू असताना अंधारात किंचित लाल दिसतो, ९४० चा अजिबात दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचा. दोन्हीकडे जवळून टक लावून बघू नका, डोळ्याला प्रखर वाटत नाही म्हणून पापणी मिटत नाही.

डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, लिहिलं होतं राइज टाइम (उजेड पडल्यावर सिग्नल वर चढायला लागणारा वेळ) १०० नॅनोसेकंद. मला हवे होते काही मायक्रोसेकंद, म्हणजे दहा-वीसपट तरी शिल्लक, मी तर खूष. एका डायोडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर, मीटरभर शिल्डेड ऑडिओ केबल, पुढे कंपॅरेटर (सिग्नलने ठरावीक पातळी ओलांडली की सांगणारा) आणि अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड). ९ फेब्रुवारीला पहिल्यांदा आकडे आले आणि घरात सगळे नाचलो. १६४, १८१, १७०, १५८, १७६. मग नाचणं थांबलं, कारण एवढा फरक रायफलचा की माझ्या डब्याचा हे कोण सांगणार?

महालात माझ्या डिप्लोमाच्या वर्गमित्राचं टीव्ही-इन्व्हर्टर रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्याकडे स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, आहे. २० फेब्रुवारीला डबा पिशवीत घालून गेले. त्याने रायफल वगैरे काही विचारलं नाही. एक इन्फ्रारेड एलईडी घेतला, त्याला दहा किलोहर्ट्झची चौकोनी लाट दिली, तो माझ्या डायोडसमोर धरला आणि स्कोप लावला. एलईडीची लाट सरळ भिंतीसारखी. माझ्या डायोडची कौलारू छपरासारखी, हळूच चढतेय, वर पोचायच्या आत उतरतेय. मी बघतच राहिले. पाच मिनिटांचं काम होतं हे आणि मी महिनाभर अंदाजाने पेलेट उडवत होते. तुम्ही काहीही बनवणार असाल तर खरी वस्तू समोर यायच्या आधी ही चाचणी करा, एलईडी आणि कुणाचातरी स्कोप एवढंच लागतं.

"काऊन गं, एवढी लांब केबल लावून राहिली?" त्याने विचारलं आणि डेटाशीटमधल्या त्या १०० नॅनोसेकंदांच्या शेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला लावलं. उलटा व्होल्टेज (डायोडला उलट्या दिशेने दिलेला) १० व्होल्ट, लोड (डायोडला लावलेला रेझिस्टर) एक किलोओहम. माझ्याकडे उलटा व्होल्टेज शून्य आणि लोड ४७० पट. दुसऱ्या एका कंपनीच्या याच डायोडच्या कागदावर तर वीस-पंचवीस नॅनोसेकंद लिहिलंय, कारण त्यांनी ५० ओहमवर मोजलं.

हे मला इतकं मोलाचं वाटतं की हिशोबासकट लिहिते. डायोड म्हणजे एक छोटा कपॅसिटरसुद्धा असतो. बीपीडब्ल्यू३४ चा शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरड (कपॅसिटरचं माप), त्यात माझी मीटरभर केबल सुमारे १००, प्रोबचे पंधरा, झाले १८५. गुणिले ४७० किलोओहम म्हणजे ८७ मायक्रोसेकंद, आणि दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत चढायला त्याच्या २.२ पट, म्हणजे १९० च्या वर. पेलेट ३५ मध्ये निघून गेलेलं! सिग्नल अर्ध्यावर असतानाच कंपॅरेटर कुठेतरी टिपत होता, आणि नेमका कुठे ते त्या दिवशीच्या उजेडावर. डायोड मंद नव्हता, मी त्याला मंद जागी बसवला होता. राइज टाइमचा आकडा डायोडचा एकट्याचा नसतोच, डायोड, उलटा व्होल्टेज, रेझिस्टर, केबल, पुढचा अँप्लिफायर अशा सगळ्या बिऱ्हाडाचा असतो. त्याच डायोडला फक्त ३ व्होल्ट उलटे दिले तरी ७० चे २५ पिकोफॅरड होतात, फुकटात.

मग डायोडांची यादी केली. मित्र म्हणाला एक लहान नि वेगवान घे आणि एक मोठा नि फिल्टरवाला घे, दोन्ही हातात आल्याशिवाय कळणार नाही. म्हणून एसएफएच२०३ एफए, चकती एक चौरस मिलिमीटर, शून्य व्होल्टला ११ पिकोफॅरड, राइज टाइम पाच नॅनोसेकंद (२० व्होल्ट आणि ५० ओहमवर, आता मी ती ओळ आधी वाचते), आणि बीपीडब्ल्यू३४ चाच काळ्या प्लास्टिकचा डेलाइट फिल्टरवाला प्रकार. काळा प्रकार भारतात सुटा मिळाला नाही, परदेशी साइटवरून सहा-सहा मागवले, सोबत एमसीपी६०२२ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप). माल १,१४० रुपयांचा, शिपिंग ९००. ऑर्डर २६ फेब्रुवारी.

पार्सल ३ मार्चला भारतात आलं आणि अडकलं. कुरिअरकडून केवायसीचा मेसेज, आधार आणि पॅन अपलोड करा. केलं, नामंजूर. पुन्हा केलं, पुन्हा नामंजूर, कारण कुठेच लिहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा समजलं, माझं पॅन माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, आणि ऑर्डर टाकताना मी दोन्हीची सरमिसळ केलेली. रोज दुसऱ्यांची कागदपत्रं जुळवणारी मी, त्या दिवशी फार वाईट वाटलं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि एक साधं स्वयंघोषणापत्र ईमेलने पाठवलं, त्यावर चार दिवस उत्तर नाही, मग सुटलं. दारात कुरिअरवाल्याला १८ टक्के आयजीएसटी आणि त्यांचा हाताळणी आकार मिळून ७६० रुपये दिले. हातात आलं १७ मार्चला. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांनो, ऑर्डरवर नाव आणि पत्ता आधारवर आहे तसाच अक्षरन् अक्षर टाका, आणि पार्सल निघालं त्या दिवशीच केवायसी करून ठेवा, ते विमानात असतानाच होतं.

आधी अर्थातच पाच नॅनोसेकंदवाला लावला. स्कोपवर लाट सुरेख आली. बोगद्यात बसवला आणि मधून जाणारं पेलेट टिपलं, दोन सेंटिमीटर बाजूने गेलेलं टिपेना. त्याच्या डोक्यावर भिंग असतं, तो मधल्या रेषेपासून वीस-वीस अंशच बघतो. माझी खिडकी ६० मिलिमीटर रुंद, वर सहा एलईडींची रांग, खाली एक डायोड, त्याला कडेचे एलईडी जवळजवळ दिसतच नव्हते. फायबर, लेझर, लांबून येणारा सरळ किरण, अशा कामाला तो उत्तम असेल. मला रुंद नजर हवी होती आणि वेग एक मायक्रोसेकंदाचा पुरे होता. म्हणजे इतके पैसे आणि इतके दिवस घालून मी परत बीपीडब्ल्यू३४ च्या घराण्यातच आले, फक्त आता का ते माहीत होतं.

पाडव्याच्या आठवड्यात नवीन बोर्ड केला. डायोडला पाच व्होल्ट उलटे, केबल नाहीच, ऑपअँप डायोडला चिकटून, अर्धा इंचही अंतर नाही, आणि फीडबॅक रेझिस्टर (ऑपअँपच्या आउटपुटपासून परत इनपुटला जोडलेला) १०० किलोओहम. या जोडणीत डायोडचा करंट गुणिले रेझिस्टर एवढा व्होल्ट बाहेर मिळतो, आणि डायोडवरचा व्होल्टेज जवळपास हलत नाही म्हणून त्याच्या कपॅसिटरला भरायला वेळ लागत नाही. चालू केलं तर सिग्नलवर बारीक बारीक झालर, पेलेट नसतानाही कंपॅरेटर तडतडतोय. दोन रात्री मी पॉवर सप्लायला दोष दिला. इलाज होता रेझिस्टरला समांतर ४.७ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, बर्डीत दोन रुपये. डायोडचा कपॅसिटर आणि ऑपअँप मिळून झुलायला लागतात, हा छोटा त्यांना आवरतो. फार मोठा लावला तर परत वेग जातो, माझ्या जोडणीत ४.७ ला राइज टाइम एक मायक्रोसेकंदाच्या आसपास आला, चौकोनी लाट चौकोनी दिसायला लागली. मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवलाय.

वेळ मोजायचं पण सांगते. अर्डुइनोचं नेहमीचं मायक्रोसेकंदाचं फंक्शन चारच्या पायरीने मोजतं, माझ्या अंतराला तेवढ्याने सेकंदाला सुमारे ०.४ मीटरची चूक. त्याच्या आठ नंबरच्या पिनवर इनपुट कॅप्चर (सिग्नल आला त्या क्षणाची नोंद घेणारी सोय) असतं, ते ०.०६२५ मायक्रोसेकंदाने मोजतं, दोन्ही पडद्यांचे सिग्नल एलएम३९३ या कंपॅरेटरमधून एकत्र करून त्याच पिनवर दिले, पहिली कड म्हणजे सुरू, दुसरी म्हणजे बंद. आणि दोन पडद्यांतलं अंतर व्हर्नियरने मोजून घ्या, एक मिलिमीटर चुकलात तर सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त चुकलात.

एप्रिलमध्ये उन्हाने दोन गोष्टी शिकवल्या. गच्चीवरच्या खोलीत सकाळी सगळं ठीक, अकरानंतर डबा आंधळा. काळा फिल्टर आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण तो फक्त दिसणारा उजेड अडवतो. एलईडी ट्यूबमध्ये इन्फ्रारेड जवळपास नसतं म्हणून तिच्यासाठी तो उत्तम, सूर्यात आणि जुन्या पिवळ्या बल्बमध्ये मात्र भरपूर असतं आणि ते थेट आत येतं, अँप्लिफायर वर जाऊन चिकटतो. खिडकीला काळं कापड लावलं तरी फरक पडेना, कारण ते कापड डोळ्याला काळं आणि इन्फ्रारेडला चक्क पांढरं! एलईडी त्याच्यावर मारून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तेव्हा पटलं. शेवटी पुठ्ठा लावला आणि बोगद्याला आतून वेगवेगळे काळे कागद लावून कॅमेऱ्यातून तपासून एक निवडला. दुसरी गोष्ट डार्क करंट, म्हणजे अंधारातही गळणारा करंट, तो दर दहा अंशाला साधारण दुप्पट होतो आणि खोलीत पारा ४३, मी खूप काळजी केली. मोजला तर दहा नॅनोअँपियरच्या आत, आणि एलईडीच्या उजेडाचा करंट वीस मायक्रोअँपियर, दोन हजारपट. काळजी करायचं कारण नव्हतं.

क्लबमध्ये स्वतःचं यंत्र लावायचं तर सेक्रेटरींच्या नावे अर्ज, सरांची शिफारस, आणि हमीपत्र की रेंजच्या वस्तूला धक्का लागल्यास भरपाई देऊ. अर्ज दिला ५ मेला, एकदा सही राहिली म्हणून परत आला, परवानगी मिळाली २१ ला. २४ मेला, नवतपा (उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजता गेलो. आधी क्लबच्या चांगल्या रायफलने वीस शॉट घेतले, माझा डबा तपासायला, सगळे १७१.३ ते १७२.६ च्या मध्ये. ते आकडे एकेक करून येताना माझे हात थंड पडले होते.

मग लेकीची रायफल. पहिला शॉट १७९.२. मग १७३, १७२.४, १७२.१, स्थिर. पाच मिनिटं ठेवली, पुढचा १७८.८, पुन्हा हळूहळू खाली. सर शेजारी उभे होते, ते म्हणाले झालं, हा रेग्युलेटर आहे, रायफल पडून असताना तो हवा आत झिरपू देतोय, म्हणून थांबून मारलेला शॉट वेगाने जातो. लेक ज्या शॉटला जास्त वेळ घेऊन, जास्त मन लावून मारत होती, नेमका तोच वर जात होता. तिने ते ऐकलं आणि काही बोलली नाही, वहीत तो १७९.२ चा आकडा गोल करून ठेवला.

दोन्ही रायफलींच्या आकड्यांच्या याद्या रिपेअरवाल्याला त्याच दिवशी पाठवल्या, रायफल २६ ला गेली, रेग्युलेटरची सील बदलली, खर्च २,८०० आणि येण्याजाण्याचं पार्सल वेगळं. १४ जूनला परत आली. पाऊस अजून आलेला नव्हता, संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत पुठ्ठा लावून डबा चालू केला, पहिला शॉट १७२.७, दहा मिनिटं थांबून दुसरा १७२.२. डब्यावर आजवर सगळं धरून पाच हजार दोनशे रुपये गेलेत, त्यात वापरात न आलेले पण आहेत. एसएफएच२०३ चे पाच तुकडे डबीत शिल्लक आहेत, महालातल्या मित्राने त्यातले दोन रिमोट तपासायला मागितलेत, उद्या नेऊन देते.